टाकी ताब्यात घेऊ की नको? पंचायतीच्या कामकाजावर वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतून पाच निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावं आणि गावं गाळली आहेत. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात मी ग्रामसेविका म्हणून रुजू झाले आणि विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून निवृत्त झाले. जे लिहिते ते कायदा आणि त्या नोकरीतला अनुभव, दोन्हींच्या आधारे. यातली बरीच पत्रं वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. बांधायला पैसा येतो. जे बांधलं ते रोज चालवायला लागणारा माणूस आणि पैसा मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो.

प्रश्न : मी पहिल्यांदाच निवडून आलेली सरपंच आहे. जलजीवन मिशनमधून आमच्या गावात टाकी आणि पाइपलाइन झाली. हस्तांतरणाच्या कागदावर सही करा म्हणून ठेकेदार मागे लागला आहे. वरच्या वाडीला अजून नीट पाणी चढत नाही. सदस्य म्हणतात, सही अडवली तर पुढची कामं मिळणार नाहीत. काय करू? (सरपंच, सोलापूर जिल्हा)

ताई, वरच्या वाडीतल्या शेवटच्या नळाला पाणी येईपर्यंत सही करू नका. यात कुणाशी भांडण नाही. १५ ऑगस्ट २०१९ला ही योजना जाहीर झाली तेव्हा गावाला टाकी देऊ असं सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक घराला नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर शुद्ध पाणी, नियमित, हे वचन होतं. दोन हजार वस्तीच्या गावाला म्हणजे रोज एक लाख दहा हजार लिटर. ते पोचतं का, हे टाकीकडे बघून कळत नाही. पाणीपुरवठा समितीतल्या बायकांना सोबत घ्या, शेवटच्या चार-पाच नळांखाली बादली लावा, घड्याळ बघून वेळ लिहा आणि तिथेच पंचनामा करा. मग त्रुटींची यादी करून ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाच्या उपअभियंत्यांना पत्र द्या आणि आवक शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही. त्रयस्थ तपासणीचा अहवाल झालेला असेल, त्याची प्रतही मागा.

चाचणी कधी घेतली हे फार महत्त्वाचं आहे. तुमच्या भागात सप्टेंबरात विहीर भरलेली असते, तेव्हा कुठलीही योजना चालते. एप्रिलमध्ये चालली तर ती चालली म्हणायची. मार्चनंतर उद्भवाला (ज्या विहिरीतून किंवा तलावातून योजना पाणी उचलते तिथे) किती पाणी राहतं हे आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मग कागदावरचा आकडा बघा.

ताबा घ्याल तेव्हा रिकाम्या हातांनी घेऊ नका. प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपलाइनचा नकाशा हवा आणि त्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह दाखवलेला हवा. पंप, स्टार्टर आणि पॅनेल बोर्डची हमीपत्रं हवीत. वीजजोडणी कुणाच्या नावावर आहे आणि जुन्या योजनेची थकबाकी त्यावर चढणार आहे का, हे लेखी हवं. करारनाम्यात ठेकेदाराने किती काळ दुरुस्ती करून द्यायची आहे तेही वाचून घ्या. नकाशा नसला तर गळती शोधायला अर्धा रस्ता उकरावा लागतो आणि तो खर्च पंचायतीच्या अंगावर येतो.

आता चालवण्याचा हिशेब, जो तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही. उदाहरण म्हणून दहा अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला असं धरा. दिवसाला साधारण ४५ युनिट, महिन्याला १,३५०. युनिटला सात रुपये धरले (तुमच्या बिलावरचा खरा दर घाला) आणि इतर आकार मिळवले तर अकरा हजारांच्या घरात बिल. पंप चालवणारा आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस दहा हजार. टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर आणि पाणी तपासणी दीड हजार. दुरुस्तीसाठी बाजूला साडेपाच हजार. झाले महिन्याला २८ हजार. नळ चारशे असतील तर नळामागे महिन्याला ७० रुपये, वर्षाला ८४०. पण चारशेपैकी अडीचशेच घरं भरत असतील तर तोच आकडा ११२ होतो, वर्षाला १,३४४. म्हणजे न भरणाऱ्यांचं पाणी भरणारे विकत घेतात. हा हिशेब फळ्यावर लिहून ग्रामसभेत मांडा. पाणीपट्टी वाढवायची म्हटली की आवाज चढतात, पण आकडे समोर असले की लोक ऐकतात असं मी अनेक गावांत पाहिलं आहे. ग्रामसभेला गणपूर्ती (किमान हजेरी) लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ती. तेवढी माणसं आणण्याची जबाबदारी सदस्यांवर टाका.

पथदिवे आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं वित्त आयोगाच्या निधीतून भरा, असं शासनाने २०२१मध्ये सांगितलं. १५व्या आयोगाच्या निधीत ३० टक्के पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी बंधित आणि उरलेला ४० टक्के अबंधित, अशी विभागणी होती. त्यातून बिल भागतं, पण मग त्याच पैशातून व्हायची पाण्याची दुसरी कामं थांबतात. म्हणून त्यावर विसंबू नका.

आणि एक माझं ठाम मत. योजनेच्या अंदाजपत्रकात सिमेंट, लोखंड, पाइप यांना ओळ असते, व्हॉल्व्हमनच्या पगाराला नसते. निदान पहिली तीन वर्षं तरी चालवण्याचा खर्च योजनेतच धरायला हवा. पट्टी वसुलीची सवय लागायला गावाला तेवढा वेळ लागतो. तोवर योजना बंद पडली की नळ काढून कोपऱ्यात टाकले जातात, आणि मग कितीही चांगला सरपंच आला तरी पट्टी मागायला त्याला तोंड राहत नाही.

शुद्धीकरण विसरू नका. शेवटच्या नळाला शिलकी क्लोरीन किमान ०.२ पीपीएम मिळालं पाहिजे. ते बघायची ओटी टेस्ट दोन मिनिटांची असते. या योजनेत प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या पाच जणी कोण, हे पंचायतीला माहीत नसेल तर आजच विचारा.

प्रश्न : माझ्या मुलीचा जन्म २०१६चा, गावातच झाला. नोंद आहे, पण दाखल्यावर नाव नाही, फक्त ‘स्त्री’ लिहिलं आहे. नाव घालायला गेले की कार्यालयाला कुलूप. ग्रामसेवक आठवड्यातून कधीतरी येतात, कधी येतील ते शिपायालाही सांगता येत नाही. मी शेतमजूर आहे. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते. (एक आई, यवतमाळ जिल्हा)

बाई, आधी धीर देणारी गोष्ट. नाव घालण्याची मुदत संपलेली नाही. जन्म नोंदल्यापासून वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तुमच्याकडे २०३१पर्यंत वेळ आहे, पण तेवढं थांबू नका. आई-वडिलांचा अर्ज, शाळेचा दाखला असेल तर त्याची प्रत आणि जुन्या दाखल्याची प्रत जोडा. स्पेलिंग आणि वडिलांचं नाव आधार कार्डाशी जुळवून मगच अर्ज द्या. एकदा चुकलं की दुरुस्तीची वेगळी वाट धरावी लागते.

आता कुलपाबद्दल. ग्रामसेवक (२०२४पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच गावाचा जन्म-मृत्यू निबंधक असतो. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि जागा रिकाम्या राहिल्या की शेजारच्याला अतिरिक्त कार्यभार मिळतो. माझ्याकडेही असे चार्ज असायचे. सोमवारी पंचायत समितीत बैठक, मग घरकुलांच्या पायांचे फोटो चढवायचे, रोजगार हमीचं मस्टर, कर वसुली, विवाह नोंदणी, निवडणुकीचं काम, आणि मध्येच वरून एखादी माहिती ‘आज सायंकाळपर्यंत’ मागितलेली. रजिस्टरं, रोजकीर्द आणि इतर मिळून नमुना १ ते ३३ ठेवायचे असतात. दोन-तीन गावांचं हे सगळं एका माणसाने सांभाळायचं म्हटलं की दार उघडं ठेवणं शेवटी येतं. हे मी त्या माणसाला पाठीशी घालण्यासाठी सांगत नाही. दोन गावांचा कार्यभार असला तरी कुठल्या वारी कुठे बसणार हे फळ्यावर लिहिता येतं, आणि तो वार बदलला तर शिपायाला फोन करता येतो. तुमची मजुरी बुडवण्याचा हक्क कुणालाच नाही.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५चा आहे. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, नमुना ८चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला अशा सेवा किती दिवसांत द्यायच्या आणि अपील कुणाकडे करायचं, हे कार्यालयाच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेवा केंद्रातून अर्ज केलात तर त्याला क्रमांक मिळतो आणि मुदत मोजायला सुरुवात होते. कागदावर अर्ज दिलात तर तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. मुदतीत काम झालं नाही तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा, त्यानंतर दुसरं, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दंडापेक्षा अपिलाची नोटीस निघाली की काम होतं, हा माझा अनुभव.

दुसरी गोष्ट, एकट्या जाऊ नका. बचत गटातल्या बायकांपैकी आणखी दहा जणींच्या लेकरांच्या दाखल्यावर नाव नसणार. सगळ्यांचे अर्ज एकत्र करा आणि ग्रामपंचायतीला एका दिवसाचं नाव नोंदणी शिबिर लावायला सांगा. एका माणसालाही एकाच दिवशी रजिस्टर काढून बसणं सोपं पडतं.

प्रश्न : आमचा सरपंच थेट जनतेतून निवडून आला, सदस्य बहुसंख्य दुसऱ्या पॅनेलचे. चार महिने एकही बिल निघालेलं नाही. खात्यात पैसा पडून आहे. सरपंच म्हणतात डोंगल झालं नाही, सदस्य म्हणतात मुद्दाम करतात. खरं काय? (ग्रामपंचायत सदस्य, अहिल्यानगर जिल्हा)

तुमच्या गावात आत काय चाललं आहे ते मला इथून सांगता येणार नाही. पण ‘डोंगल (डिजिटल स्वाक्षरीचं संगणकाला लावायचं साधन) झालं नाही’ हे कारण खोटंच असेल असं समजू नका. वित्त आयोगाचा पैसा धनादेशाने निघत नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर बिल तयार करायचं ग्रामपंचायत अधिकाऱ्याने आणि मंजूर करायचं सरपंचाने, दोघांच्याही डिजिटल स्वाक्षरीने. नवीन सरपंच आला की जुनी स्वाक्षरी रद्द होते, नवीन काढायची, संगणकावर नोंदवायची, वरून मान्यता घ्यायची. अधिकारी बदलून गेला तरी तेच. आधार कार्डावरच्या नावात एक अक्षर वेगळं असलं तरी अडतं. गावात नेट नाही म्हणून तालुक्याला जायचं, तिथे सर्व्हर बंद. पंधरा दिवस, महिना असाच जातो.

चार महिने मात्र जाऊ नयेत. मासिक सभेत विषय घ्या : स्वाक्षरीचा अर्ज कोणत्या तारखेला गेला, आता कुठल्या टेबलावर आहे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. अर्ज गेलेला नसेल तर दिरंगाई गावातली, गेला असेल तर वरची. मग गटविकास अधिकाऱ्यांना त्या तारखांसह पत्र द्या. ‘मुद्दाम करतात’ असं लिहू नका, नुसत्या तारखा लिहा.

थेट सरपंच २०१७ला आला, २०२०ला गेला, २०२२ला परत आला. इतक्या लवकर लवकर पद्धत बदलली की गावाला तिची सवयच लागत नाही. सरपंच एका बाजूचा आणि सभागृह दुसऱ्या बाजूचं, ही शक्यता या पद्धतीत आहेच. अविश्वास ठरावाचा विचार चालला असेल तर लक्षात घ्या, तो सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने झाला तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत आणताही येत नाही. म्हणजे तुम्हाला एकमेकांसोबतच काम करायचं आहे. विकास आराखड्यातली दोन्ही पॅनेलना मान्य असलेली दोन कामं निवडा, अंगणवाडीचं पाणी आणि गटार यांवर सहसा वाद होत नाही, आणि त्यांची बिलं आधी काढा.

प्रश्न : मी बारा वर्षं पाणी सोडतो. पहाटे चारला मोटर, रात्री दहाला व्हॉल्व्ह. सहा महिन्यांचा पगार थकला. सरपंच म्हणतात वसुली नाही, कुठून देऊ? मी लोकांकडे पट्टी मागायला गेलो की तेच लोक मला शिव्या देतात. (पाणीपुरवठा कर्मचारी, जालना जिल्हा)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही एक दिवस खाडा केलात तर सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन उभं राहतं, आणि तुमचा सहा महिन्यांचा खाडा कुणाला दिसत नाही. हे चुकीचं आहे आणि तसंच म्हटलं पाहिजे.

पहिली चौकशी ही करा की तुमचं नाव ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, आहे का. त्यावर सगळं अवलंबून आहे. आकृतिबंधातल्या कर्मचाऱ्याच्या किमान वेतनातला एक हिस्सा राज्य शासन देतं, उरलेला पंचायत. आकृतिबंधाबाहेर असाल तर सगळा भार पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावर, आणि कर्मचाऱ्यांवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांत बसवायचा असतो. तुमच्या नेमणुकीचा ठराव, त्याचा क्रमांक आणि तारीख यांची प्रत मागून घरी ठेवा. जिल्हा परिषदेच्या गट क आणि गट डमधल्या १० टक्के जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी असतात, त्या यादीतही हेच कागद लागतात. भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापले जात असतील तर ते खात्यात जमा होतात का तेही बघा.

शासनाचा हिस्सा कर वसुलीच्या टक्केवारीशी बांधला गेला, त्याला कर्मचारी संघटनांनी विरोध केला. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. वसुलीचा अधिकार पंचायतीचा. मागणीचं बिल, मग मागणीची नोटीस, तरी भरलं नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९खाली जप्ती, हे करायचं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने. मतं जातील म्हणून ते जप्तीपर्यंत जात नाहीत, आणि पगार कापला जातो मोटर चालू करणाऱ्याचा. ज्याच्या हातात अधिकार नाही त्याच्या पोटावर परिणाम टाकून वसुली वाढत नाही.

तुम्ही दारोदार एकटे जाऊ नका. पावती पुस्तक घेऊन जायचं तर सोबत एक सदस्य आणि लिपिक असायला हवा, असं लेखी मागा. मोठे थकबाकीदार बहुतेक गावांत ओळखीचेच असतात. त्यांची प्रकरणं लोकअदालतीत ठेवायला सांगा, तिथे तडजोडीने बरीच रक्कम जमा होते. थकलेल्या पगारासाठी गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. महिनानिहाय रक्कम लिहा. आणि पुढच्या ग्रामसभेत उभे राहून तोच कागद वाचून दाखवा. गावाने तो ऐकला पाहिजे.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो, रत्नागिरी जिल्ह्यातलं घर वर्षातून दोनदाच उघडतं. यंदा घरपट्टी एकदम वाढून आली. राहत नसताना एवढी का भरायची? त्यापेक्षा मंडळातर्फे गावाला सौर दिवे द्यावेत असं वाटतं. (एक चाकरमानी, डोंबिवली)

घरपट्टी घरावर असते, राहणाऱ्यावर नाही, त्यामुळे कुलूप असलं तरी ती द्यावी लागते. वाढ का झाली हे विचारण्याचा मात्र तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २०१५च्या सुधारित नियमांपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचा आणि बांधकामाचा दर, घराचं वय, वापर, यांचा त्यात हिशेब असतो, आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. अनेक गावांत ती वेळेवर होत नाही, मग एकदम होते, आणि धक्का बसतो. जांभ्याचं कौलारू घर स्लॅबचं म्हणून लागलं असेल किंवा पडलेला गोठा अजून धरला असेल तर लेखी हरकत घ्या.

गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही (प्रॉपर्टी कार्ड) मागा. या मोजणीचा पहिला प्रयोग २०१८मध्ये पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, पुढे स्वामित्व योजना म्हणून तो देशभर गेला. मोजणीतलं क्षेत्र आणि नमुना ८वरचं क्षेत्र जुळत नसेल तर आताच दुरुस्त करून घेतलेलं बरं, पुढे वाटणीच्या वेळी तेच कागद बाहेर निघतात.

दिवे देण्याची भावना चांगली आहे. पण काही वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा पैसे कोण देणार, हे मंडळाने आधी ठरवावं. देणार असाल तर पंचायतीचा ठराव घेऊन द्या, म्हणजे दिवे मालमत्ता नोंदवहीत चढतील. मला विचाराल तर आधी मंडळाच्या सगळ्या सभासदांची थकलेली घरपट्टी भरा. बंद घरांची थकबाकी एकत्र केली तर लहान पंचायतीच्या दृष्टीने ती मोठी रक्कम होते, आणि वरच्या पत्रातल्या दादांसारख्या कुणाचा तरी पगार त्यातूनच निघतो.

गणपतीला जाल तेव्हा सुट्टीच्या आधीचा एक कामाचा दिवस गाठा, नमुना ८चा उतारा काढा आणि घरातल्या वारसांची नावं त्यावर लागली आहेत का तेही पाहून घ्या.